दोन तर्निच

वेलिका प्लानिना, १३ ऑगस्ट २०१९

प्रिय त्सिल्का,

तुझं पत्र मे महिन्यातच पोचलं. उत्तराला तीन महिने लागले, ह्याचं कारण गायी नव्हेत, गुडघेही नव्हेत. कारण तू शेवटच्या चार ओळींत विचारलेला प्रश्न. तो मी विसरलेले नाही. येते त्याच्याकडे, पण मला जरा वळसा घालून येऊ दे. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

आधी खुशाली. जूनच्या मध्यावर सहा गायी घेऊन वर डोंगरावरच्या कुरणात आले. लोव्रो गेल्यानंतरचा, एकटीचा हा पहिलाच उन्हाळा. झोपडीच्या छताच्या फळ्या त्यानं मागच्या वर्षी बदलल्या होत्या, त्यामुळे पाणी गळत नाही. शेजारच्या झोपडीत गाश्पेर आहे, ब्याऐंशी वर्षांचा, कानानं अधू आणि जिभेनं तिखट. रोज सकाळी दारातून ओरडतो, "पोलोना, आहेस की गेलीस?" मी म्हणते, "तुला पोचवल्याशिवाय जायची नाही!" तो खूश होऊन दूध काढायला जातो.

आता नवलाची गोष्ट. शेतीखात्याची नेझा नावाची मुलगी आहे, चुणचुणीत. ती दर उन्हाळ्यात परदेशचे पाहुणे माझ्याकडे घेऊन येते. ते शेतकरी असतात, नाहीतर अधिकारी. त्यांना आपला देश आणि आपली शेती समजावून सांगायची, आणि ती सांगायची कुणी, तर मी! सातवी शिकलेली बाई! अकरा वर्षं सांगतेय, त्यामुळे भाषण आता तोंडपाठ आहे. "आमचा देश एवढासा, की इकडे कोंबडा आरवला तर इटलीत माणसं उठतात. एकेकाची शेती सहा-सात हेक्टर. उन्हाळ्यात गायी डोंगरावर, हिवाळ्यात खाली." मग आंबट दूध आणि कुट्टूच्या पिठाची उकड वाढायची. मग ते फोटो काढतात.

ह्या वेळी चौदा देशांचे लोक होते. तुझ्याकडचाही एक होता, ऑस्ट्रेलियाचा, थंडीत अर्धी चड्डी घालून आलेला. सात हेक्टर ऐकल्यावर तो नेझाला म्हणाला, "माझ्या फाटकापासून घरापर्यंतचा रस्ताच तेवढा आहे." सगळे हसले. मीही हसले, आणि म्हटलं, "मग घरी पोचेपर्यंत जेवण गार होत असेल, बाबा." पण तेवढ्यात खालचं धुकं वर आलं आणि पठाराच्या कडेशी थांबलं. आमच्या पायांखाली पांढरं धुकं, वर झोपड्या, आणि सगळ्या गायींच्या घंटा एकदम वाजायला लागल्या. तो माणूस टोपी काढून उभा राहिला. त्सिल्का, अठ्ठेचाळीस उन्हाळे मी तिथंच उभी राहून शेण काढलंय. त्या दिवशी त्यांच्याकडे बघून मी पहिल्यांदा मान वर केली आणि पाहिलं. अंगावर काटा आला. आपण कुठं राहतो हे परक्यांनी सांगावं लागतं, ह्याची लाजही वाटली.

भाषणाचा शेवट नेहमी तर्निचनं होतो. तुला काय सांगायचं! खारट चीजचा तो मुठीएवढा लाडू, वर टोक, अंगावर लाकडी ठशाची नक्षी. गुराख्यानं जोडीनं करायचे, चुलीवरच्या फळीवर धुरात वाळवायचे, एक आपल्याला ठेवायचा आणि एक मनातल्या मुलीला द्यायचा. तिनं घेऊन फळीवर मांडला की लग्न ठरलं. दिलेला तर्निच परत मागायचा नाही. आणि मी दर वेळी हसून सांगते, "त्यावर नाव नसतं, फक्त नक्षी." पाहुण्यांना हे वाक्य फार आवडतं. मला ते अकरा वर्षं घशात टोचत आलंय.

कारण तुझा पत्रातला प्रश्न नकळत तिथंच येतो. "ताई, लोव्रो गेला, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. त्या उन्हाळ्यात तो माझ्याकडे बघून हसायचा, माझ्यासाठी थांबायचा, ते सगळं खरं होतं का? की माझ्याच मनाचे खेळ? पन्नास वर्षं मी स्वतःला खुळी समजत आले. एवढंच सांग."

सांगते.

एकाहत्तरच्या सप्टेंबरात लोव्रोनं वर असताना एक जोडी केली. मी चीज खाली न्यायला आले होते. त्यानं एक तर्निच माझ्या हातात ठेवला आणि कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, "त्सिल्काला दे. तोंडानं सांगायला मला जमायचं नाही." चार तासांची उतरण. पहिला तास मी तो तुझाच म्हणून नेत होते. नंतर तो माझ्या ओच्यात गरम झाला, आणि मला वाटायला लागलं की मीच आधी त्याच्याकडे बघितलं होतं, मीच थोरली. घरी पोचले तेव्हा तू दळणाला गेली होतीस. मी तो माझ्या फळीवर मांडला.

आईनं पाहिला आणि संध्याकाळपर्यंत गावभर केलं. लोव्रो खाली आला तेव्हा मी त्याला कोठारामागं गाठून म्हटलं, "त्सिल्का नको म्हणाली. तूच ठेव म्हणाली मला." तो बुटांकडे बघत म्हणाला, "बरं. ठेवलास तर ठेवलास." ही त्याची मागणी आणि हा माझा साखरपुडा. वसंतात लग्न झालं. त्याआधी आठ दिवस तू जहाजावर चढलीस, आणि मी मुद्दाम बंदरावर आले नाही.

तर्निच मी रुमालात गुंडाळून ट्रंकेत तळाशी ठेवला. पुन्हा उघडून पाहायची छाती झाली नाही. लोव्रोच्या वाट्याचा त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात असायचा. फेब्रुवारीत तो गेल्यावर मला तिथंच सापडला. नेझा म्हणाली, "आजी, जुनी जोडी असेल तर ह्या वेळी दाखवा ना." मी दोन्ही वर आणले. रुमाल पहिल्यांदा सोडला तो ह्या चौदा देशांच्या लोकांसमोर.

त्यात मंगोलियाची एक बाई होती, ओयुन, गुरं राखणारी, माझ्याच वयाची. तेही लोक दही वाळवून दगडासारखं करतात म्हणे. तिनं दोन्ही हातांत घेतले, वास घेतला, नखानं टकटक केलं, उन्हात फिरवले. मग नेझाला काहीतरी म्हणाली.

नेझा म्हणाली, "त्या म्हणतात, जोडी खरी आहे. दोन्हींवर नक्षीचा तोच दात तुटलाय."

त्सिल्का, ठशाचा तो दात मी तोडला होता. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, ह्याच झोपडीत, दगडी चुलीवर पाडून. एकाहत्तरमध्ये तो अखंड होता. म्हणजे माझ्या रुमालातला तर्निच मी चोरलेला तो नव्हताच. कुणीतरी तो काढून घेऊन दुसरा ठेवला होता. आणि ट्रंकेची किल्ली कुठं असते हे माझ्याशिवाय एकालाच ठाऊक होतं.

पाहुणे गेल्यावर मी गाश्पेरकडे गेले आणि त्याच्या कानात ओरडून विचारलं.

"आत्ता कळलं होय तुला?" तो म्हणाला. "तुझ्या आईनंच लोव्रोला सांगितलं. लग्नानंतर, सहज बोलता बोलता. धाकटी बिचारी महिनाभर रिकाम्या फळीकडे बघत बसायची म्हणून. त्याच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला."

"मग?"

"मग काय! तुझा आणि त्याचा, दोन्ही घेऊन माझ्या पायरीवर येऊन बसला. किसणीनं किसून उकडीवर घालून एका बैठकीत खाल्ले. इतकं मीठ! डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, गाढवा, मरशील. तर म्हणतो, एकीचं संपवल्याशिवाय दुसरीचं कसं करू? आणि दुसऱ्या दिवशी नवी जोडी करायला बसला."

मी तिथंच पायरीवर बसले. सत्तेचाळीस वर्षं, त्सिल्का. त्याला माहीत होतं. माझ्या हातचं जेवला, माझी पोरं खांद्यावर घेतली, माझ्या आजारपणात माझ्या गायी पिळल्या, आणि एकदाही, भांडणातसुद्धा, तोंडातून शब्द काढला नाही. इतकं मोठं मन माझ्या शेजारी उशीला उशी लावून झोपत होतं आणि मी त्याच्या घोरण्यावर वैतागत होते. परवापासून मी ह्याच आश्चर्यात आहे. आणि रागही येतो, खरं सांगते. एकदा बोलला असता तर मी तुला तेव्हाच लिहिलं असतं, तुझा पत्ता हातात होता. त्यानं मला माफ केलं, पण ती माफी त्याच्या एकट्याची नव्हती, अर्धी तुझी होती. ती त्यानं तुला न विचारता दिली.

म्हणून आता नुसतं उत्तर. हो, खरं होतं. तो तुझ्याकडेच बघून हसायचा. थांबायचा तो तुझ्यासाठीच. पहिली जोडी त्यानं तुझ्यासाठी केली होती. तू एक दिवससुद्धा खुळी नव्हतीस. तुझ्या डोळ्यांनी जे पाहिलं ते बरोबर होतं, आणि तुला स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला मी लावलं.

माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. तुला हवं तेव्हा, हवं तर. इथं यावंस असंही मागत नाही. फक्त आजपासून आरशात बघशील तेव्हा त्या वीस वर्षांच्या मुलीला एवढं सांग, की तिला निवडलं होतं.

तुझं घेऊन जिनं आयुष्य काढलं, ती तुझी बहीण,
पोलोना