परमुलखात चालणारा कागद

आबा, आज दुपारी धुळ्याच्या माझ्या दवाखान्यात एक तरुण आला होता. बायकांच्या दवाखान्यात पुरुष आला की बाहेरच्या बाकावरच्या बाया पदर सावरून बसतात, तशा बसल्या. त्याच्या वडिलांचा कापसाचा व्यापार आहे. मुंबईला राहून तो हौसेनं विमान चालवायला शिकला आणि परवानाही मिळवला. गावातल्या दुसऱ्या कुठल्याच डॉक्टरला विमानातलं काही कळत नाही, पण तुम्ही कधीतरी एका वैमानिकाला तपासलं होतं, असं कुणाकडून तरी ऐकून तो तुमच्या मुलीकडे आला होता. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाला, "अक्का, पुढच्या महिन्यात कराची परदेश होणार. माझा हा डॉक्टरी दाखला तिथे चालेल का?" मी कागद उलगडून वाचला. कराची परदेश. एका देशाचा दाखला दुसरा देश सहसा मानतो, पण हे दोन देश तर अजून जन्मायचेत, तेव्हा मुंबईच्या कचेरीला लिहून विचार, असं मी त्याला सांगितलं. मग उठून त्याच्या पाठीमागे गेले आणि हळू आवाजात विचारलं, "दाखला मिळाल्यापासून आजारी पडला होतास का?" तो चटकन वळला. "नाही. पण असं मागून का विचारता?" सवय आहे, म्हटलं. ती सवय कुणाची, ते त्याला सांगितलं नाही. तो गेल्यावर मी पुढच्या बाईला आत बोलावलं, तिची नाडी धरली आणि आकडे मोजायलाच विसरले.

ती सवय लागली तेव्हा मी डॉक्टरीची परीक्षा देऊन मुंबईहून जळगावला परतले होते आणि सरकारी दवाखान्यात तुमच्या हाताखाली शिकत होते. पौष चालला होता. शेवटच्या वेचणीचा कापूस घेऊन गाड्या बाजाराकडे निघाल्या होत्या. आवाज आला तेव्हा तुम्ही एका शेतकऱ्याच्या मांडीवरच्या गळवाला चिरा देत होता. सगळा दवाखाना अंगणात धावला. मीही धावले, हातात कापसाचे बोळे तसेच. विमान इतकं खाली होतं की त्याची सावली आधी कौलांवरून गेली आणि मग ते स्वतः. तुम्ही गळू पूर्ण साफ केलंत, पट्टी बांधलीत, हात धुतलेत आणि मग बाहेर येऊन विचारलंत, "कुठे उतरलं?" मेहरूणच्या तलावापलीकडे, गायरानात. आपण टांगा केला.

ते दृश्य मी आजही तसंच पाहते. वाळलेल्या गवतात ते उभं आहे, चांदीच्या रंगाचं, एकावर एक दोन पंखांचं, आणि भोवती अख्खं मेहरूण जमलेलं. देवळात गाभाऱ्यापुढे माणसं जशी उभी राहतात तशी उभी आहेत. एक म्हातारी पुढे होते, पंखावरून हात फिरवते आणि मागे वळून सांगते, "हाई तं कापडनं शे." ते खरंच कापडाचं होतं. लाकडाच्या कामट्यांवर ताणून बसवलेलं कापड, त्यावर रोगण. आपल्या शेतातला कापूस गाडीत पडलेला आणि हे कापड आभाळातून आलेलं. मग विमानातून माणूस उतरला, त्यानं टोपी काढली, आणि ती बाई निघाली.

एकटी. पस्तिशीची असेल. तोंड तेलानं काळं झालेलं, डोळ्यांभोवती चष्म्याच्या जागी तेवढी दोन पांढरी वर्तुळं. युरोपातल्या एका लहान देशातून निघाली होती. जावा बेटावर तिचा भाऊ होता, त्याच्याकडे चालली होती. मुंबईहून रेल्वेचे रूळ धरून नागपूरकडे जाताना पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला म्हणून उतरले, असं तिनं इंग्रजीत सांगितलं. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले होते. परीक्षेसाठी मुंबईला एकटी राहिले, तर आपल्या घरी केवढी चर्चा झाली होती, आणि ही समुद्र ओलांडून आलेली.

फौजदार आले, मामलेदार आले. तिनं परवाना दाखवला आणि त्याच्यासोबत तिच्या गावच्या डॉक्टरचा दाखला, तांबड्या शिक्क्याचा. मुदत अजून बाकी होती. फौजदारांनी तो उलटसुलट पाहिला आणि तुमच्याकडे दिला. "डॉक्टरसाहेब, तिकडच्या डॉक्टरचा कागद आपल्याकडे चालतो का? उद्या ही बाई कुणाच्या घरावर पडली तर मला विचारतील." तुम्ही म्हणालात, "कागदाचा कायदा मला ठाऊक नाही. मुंबईला तार करा. नाही म्हणाले तर इथला दाखला लागेल, म्हणून तोवर तपासून ठेवू." आणि बाईमाणूस म्हणून ते काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत.

टांग्यातून तिला दवाखान्यात आणलं आणि आतल्या खोलीत मी तिला तपासलं. तपासलं कसलं, आबा. अक्षरांचा तक्ता तिनं घडाघडा वाचला. छाती ऐकली, नाडी पाहिली. नाडी थोडी जलद होती, ती मी दमणुकीवर घातली. कानाची परीक्षा म्हणून समोर बसून हलक्या आवाजात शब्द म्हटले, ते तिनं बरोबर सांगितले. बाकीचा वेळ मी तिला वाळवंटाबद्दल विचारत होते. रात्री विमानाखाली झोपायची का, भीती वाटते का. ती हसून सांगत होती आणि मी ऐकत होते. मग मी सुंदर अक्षरात 'प्रकृती उत्तम' असं लिहिलं आणि कागद तुमच्यापुढे ठेवला.

तुम्ही सही केली नाहीत. ती ओसरीवर पाठमोरी बसून चहा घेत होती. तुम्ही तिच्या मागे चार पावलांवर जाऊन थांबलात आणि नेहमीच्या आवाजात विचारलंत, "बाई, तुमच्या विमानाचं पेट्रोल किती वेळ पुरतं?" ती चहा पीत राहिली. तुम्ही पुन्हा विचारलंत. तिनं बशी खाली ठेवली आणि तलावाच्या दिशेनं बघत बसली. ती माझ्या ओठांकडे बघून उत्तरं देत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुम्ही समोर गेलात, तिला एका पायावर उभं राहून डोळे मिटायला सांगितलंत. दोन अंक मोजायच्या आत ती कलली आणि तुम्ही तिचं कोपर धरलंत.

"क्विनाइन किती घेता?" एवढंच विचारलंत. अर्धा खानदेश तुम्ही हिवतापातून काढला होता, त्या गोळ्या जास्त झाल्या की कान आणि तोल जातो हे तुम्हाला ठाऊक होतं, दुसरं काही विचारायची गरज नव्हती. ती आधी नाही म्हणाली. मग खाली बसली आणि सांगितलं. इराकातल्या बसऱ्याला ताप आला, तिथून रोज गोळ्या, आणि उशीर होऊ नये म्हणून सांगितल्याच्या दुप्पट. कानात सतत भुंगा. नळीत कचरा नव्हताच. पाचोऱ्याच्या पुढे खालचे रूळ डोळ्यांपुढे हलायला लागले, म्हणून ती उतरली होती.

मला तुम्ही औषधाच्या खोलीत बोलावलंत. आवाज चढवला नाहीत. "तू तिला पाहिलंस," म्हणालात, "तपासलं नाहीस." आणि माझा कागद माझ्याच हातात परत दिलात. फाडला असतात तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तार आली. तिच्या देशाचा दाखला इथे पूर्ण ग्राह्य आहे, जाऊ द्यावं. फौजदार सुटलो अशा चेहऱ्यानं ती तार आणि बाईला घेऊन आपल्याकडे आले. बाईचा चेहरा उजळला. आता तुमच्या हातात काही उरलं नव्हतं, आबा. सरकार म्हणत होतं कागद चालतो. तुम्ही तार वाचलीत, घडी करून तिला दिलीत. "तुम्हाला अडवायचा अधिकार मला नाही," तुम्ही म्हणालात. मग खिशातलं घड्याळ काढून तिच्या कानाशी धरलंत. "ऐकू येतं?" तिनं मान हलवली, नाही. दुसऱ्या कानाशी धरलंत. नाही. "दाखला दिला तेव्हा तुमच्या डॉक्टरनं निरोगी बाई तपासली होती. तो कागद तिचा आहे. ती बाई बसऱ्याला राहिली. इंजिनाचा आवाज बदलला तर आज तुम्हाला कळेल का?"

तिनं तारेची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. फौजदार अवघडून टोपी हातात फिरवत होते. शेवटी तिनं विचारलं, "किती दिवस?"

"तुमचे कान सांगतील. आठ दिवस, दहा दिवस."

"आणि मी राहू कुठे?"

तुम्ही स्वयंपाकघराकडे पाहिलंत. आई दारातच उभी होती. ती भडगावकडची, इंग्रजीचा शब्द तिला येत नव्हता, पण तिनं आधीच पाट मांडला होता. मुगाची खिचडी, वर तूप. बाई मांडी घालून बसायला धडपडत होती आणि आई म्हणत होती, "बठ्ठं खाई ले, माय." सगळं खाऊन घे, हे आईचं वाक्य बाई चार दिवसांत शिकली. रोज सकाळी तुम्ही घड्याळ घेऊन ओसरीवर उभे राहायचात, ती डोळे मिटून बसायची, आणि तुम्ही थोडे थोडे मागे सरायचात. ऐकू येणं थांबलं की ती बोट वर करायची. तिसऱ्या दिवशी वीतभर, पाचव्या दिवशी हातभर. गल्लीतली माणसं ते बघायला कुंपणापाशी जमायची. गायरानात एक हवालदार विमानाच्या पंखाखाली बसून पहारा द्यायचा, आणि रावेर-भुसावळकडून माणसं गाड्या जुंपून विमान पाहायला यायची. त्यातले काही परतताना तुम्हाला बघून जायचे. आभाळातून आलेल्या बाईला खाली थांबवणारा डॉक्टर कसा दिसतो, हे त्यांना बघायचं असावं. मलाही तेच बघायचं होतं. बारा वर्षं तुमच्यासमोर अभ्यास केला होता, पण त्या आठवड्यात मला तुमची भीती वाटेनाशी झाली आणि तिच्या जागी दुसरंच काही आलं. त्याला नाव देता येत नाही. विमान बघून वाटलं होतं, साधारण तसंच.

दहाव्या दिवशी ती ओसरीच्या एका टोकाला होती आणि तुम्ही दुसऱ्या. तिनं बोट वर केलं नाही. एका पायावर उभी राहिली, डोळे मिटून, आणि तुमचे वीस अंक मोजून झाले तरी हलली नाही. तेव्हा तुम्ही नव्या कागदावर सही केलीत. त्याची कुणालाच गरज नव्हती, जुना चालतच होता. पण तिनं तो घेतला आणि तांबड्या शिक्क्याच्या दाखल्याला टाचणीनं जोडला.

निघायच्या आधी तिनं तुम्हाला विमानात बसायला सांगितलं. तलावाभोवती एक फेरी, एवढंच देऊ शकते, म्हणाली. तुम्ही नको म्हणालात आणि माझ्याकडे बोट केलंत. मला वाटलं, चूक केली ती मी, मग फेरी मला कशी. तुम्ही म्हणालात, "जा. आज नीट बघून ये."

आबा, त्याचं वर्णन मी तुम्हाला तेव्हाही करू शकले नाही. जमीन सुटली ते कळलंच नाही, गवताचा खडखडाट तेवढा थांबला. तलाव एका बाजूला उभा राहिला, भरलेल्या ताटासारखा, आणि सांडला नाही. काळी शेतं, त्यांत कापसाच्या पांढऱ्या रेघा, उत्तरेला सातपुडा, इतका जवळ की हात लावावा, आणि त्याच्या पायथ्याशी तापी. आपण ज्या गावांना मुक्काम करत जातो ती गावं एका नजरेत मावत होती. तिनं मागे वळून मला आपल्या कानाकडे बोट दाखवलं, मग इंजिनाकडे. ऐक, असं. मी ऐकलं. एकसारखा, एकही ठोका न चुकणारा आवाज. त्या आवाजावर आम्ही दोघी होतो, बाकी खाली काहीच नव्हतं.

ती गेली. पावसाळ्यात तिचं पत्र आलं, ती पोचली होती. मी म्हटलं, तुमच्यामुळे. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "कुणी सांगावं. तशीही पोचली असती." दोन वर्षांनी तुम्ही गेलात, आणि मी कागदांवर सह्या करायला लागले.

हे लिहून झालं की टेबलाच्या खणात ठेवीन, दवाखान्याच्या जुन्या कागदांत. एक गोष्ट मात्र राहिली. खाली उतरले तेव्हा तुम्ही विचारलंत, "मी दिसलो का वरून?" आणि मी म्हटलं, हो, काळा कोट घालून बांधावर उभे होतात, हात हलवत होतात. तुम्ही हसला होतात. आबा, मी खाली शोधलंच नव्हतं. त्या दहा मिनिटांत मला तुमची आठवणसुद्धा झाली नाही.