गाळलेला आवाज

४ मार्च
आज लेकीकडे मुक्काम हलवला. जावयाने माझी बॅग उचलली आणि विचारलं, बाबा, कपडे भरलेत की दगड? मी म्हटलं, कवितेची पुस्तकं, वजन तेवढंच. लेक किती दिवसांनी खळखळून हसली! माझी खोली तिच्या रेकॉर्डिंगच्या खोलीला लागून आहे. भिंतींना राखाडी फोम, समोर दोन स्पीकर, पडद्यावर आवाजाच्या हिरव्या टेकड्या. चाळीस वर्षं शाळेत कविता शिकवली. आता म्हणे मी तिचा मदतनीस.

काम एकच. तिच्या आईचं व्हायोलिन. जाण्याआधी महिनाभर हिने जुन्या रेकॉर्डरवर वाजवून ठेवलं होतं. जावई त्याला पियानोची साथ देणार आहे. पण तारांवर गज फार खरवडतो, कान किटतात.

६ मार्च
लेकीने युक्ती शिकवली. पडद्यावर आवाजाचा एक अरुंद पट्टा धरून तेवढाच मोठ्याने ऐकायचा, वरखाली सरकवायचा आणि कानाला टोचेल तिथेच दाबून टाकायचा. वृत्तातली चुकलेली मात्रा शोधावी तसं! एक बटण दाबलं की फक्त गाळलेला आवाज ऐकू येतो. तिने बजावलं, पियानोसोबतच ऐका, नुसतं व्हायोलिन ऐकलं की हात सुटतो, नको तेवढं गाळलं जातं. आईला पार गाळून टाकू नका हं.

हिचा सराव सुरू झाला की मी दार लोटून वह्या तपासायचो. जरा हळू वाजव, एवढंच म्हणायचो. ही हळू वाजवायची.

९ मार्च
नुसतं ऐकूनच बारा जागा दाबल्या. सूर लोण्यासारखा झाला. मूळ फाइलवरच साठवून टाकलं. पाटी पुसल्याशिवाय नवं लिहायचं नाही, ही शाळेतली सवय. लेकीला सांगितलं नाही.

दुपारी स्वयंपाकघराचं दार उघडलं. रोज कुरकुरतं. आज मुकं.

११ मार्च
गाळलेला आवाज ऐकला. खरवड, फुसफुस, आणि त्यात ही. गज नव्हे, ही स्वतः. म्हणत होती, एकदा तरी शेवटपर्यंत ऐका हो.

मी बटण बंद केलं. आताही मीच बंद केलं.

१२ मार्च
दाबलेल्या जागा बाराच्या सतरा झाल्यात. मी हात लावलेला नाही. नळाला आवाज नाही. लेक मूळ फाइलवरून माझ्यावर चिडली. तोंड हलत होतं, आवाज कापसातून आल्यासारखा.

१३ मार्च
चोवीस. माझे कान ठीक आहेत. जावई म्हणाला, तिचा आवाजच बसलाय, डॉक्टरकडे नेतो. लेक दारात, गळ्यावर हात, माझ्याकडे बघत—

ते गेल्यावर बटण दाबलं. आत आईशेजारी लेक. बाबा, मला परत आणा. बाबा—

आणायला मूळ फाइल हवी. ती मी पुसली.

१४ मार्च
एकतीस. सगळ्या जागा वर उचलल्या. आपोआप खाली बसतात—

खोकलो. आवाज नाही. माझा खोकला तिकडे, गाळलेल्यात. लेक रडतेय. ही तिला समजावतेय, गप गं, ते आता उठतील, दार लोटून घेतील—

नाही उठणार. बसलोय. ही वाजवतेय, हळू नाही, कान फाटतील असं—

पेन कागदावर खरखरतं तेही तिकडेच. माझ्या एक शब्द पुढे. मी लिहायच्या आत तिकडे लिहून—

तिकडचं पेन थांबलं. म्हणजे माझा आता एकच