थर्मोस्टॅटखालचा दिवा

बाबा, मेल्यावरसुद्धा तुम्ही आईला गारठवलंत, हे तुम्हाला कळवावं म्हणून लिहितेय. मी आता नेदरलँड्समध्ये असते, नीउ-व्हेनेपला. आई माझ्याकडे थोडे दिवस राहायला आली, साथीमुळे विमानं बंद झाली आणि ती इथेच अडकली. तिच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी तुमचा फोटो. हॉलच्या ईशान्येच्या भिंतीवर तिने तो लावला, खाली फळी ठोकून घेतली आणि फळीवर तेलाचा दिवा. साथ संपेपर्यंत विझू द्यायचा नाही म्हणाली. मी म्हटलं, असू दे बाई, तुझं समाधान.

हिवाळा आला आणि घर गार पडलं. आई दोन स्वेटर, शाल, कानटोपी घालून कुडकुडतेय, खोकतेय, आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट म्हणतोय चोवीस अंश. मी त्याच्या बॅटऱ्या बदलल्या, रेडिएटरमधली हवा काढली, बॉयलरचं प्रेशर पाहिलं. सगळं ठीक! आईचा खोकला ऐकून मेकॅनिक घरात यायला तयार होईना. व्हिडिओ कॉलवर त्याने विचारलं, "थर्मोस्टॅटजवळ काही गरम वस्तू आहे का?" मी फोन फिरवला. थर्मोस्टॅटच्या बरोब्बर खाली तुम्ही, आणि तुमच्यापुढे दिवा. दिव्याची धग वर जायची, थर्मोस्टॅटला वाटायचं घर तापलं, की तो हीटिंग बंद करायचा.

आधी हसू आलं, मग असा संताप आला म्हणता! पुण्यात तुमची अंघोळ झाली की गिझर बंद. "बायकांना कशाला हवेत असले चोचले?" आई तापाने फणफणलेली, म्हणून मी एकदा गुपचूप गिझर लावला, तर ती कढत बादली तुम्ही तिच्यादेखत मोरीत ओतलीत आणि पेपर वाचायला बसलात. ती गार पाण्याने न्हाली. वर मलाच म्हणाली, "कशाला गं त्यांना चिडवतेस?"

दिवा काढायला हवा म्हटल्यावर त्या दिवशी तिचा चेहरा तेव्हासारखाच उतरला. "नको गं. चिडतील ते." अहो, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली! समोरच्या भिंतीवर जागा होती. पण मी तुम्हाला उचललं आणि मागच्या सायकलींच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं. आईला सांगितलं, घरात कुठेही दिवा लावला तरी हीटिंग बिघडतं. साफ खोटं. संध्याकाळपर्यंत घर तापलं. आईने कानटोपी काढली, मग शाल, आणि रेडिएटरला पाठ लावून डोळे मिटून बसली.

आता रोज तिन्हीसांजेला ती मला तेल-वात देऊन तुमच्याकडे पाठवते. परत आले की विचारते, "चिडले नाहीत ना?" मी म्हणते, "नाही गं, शांत आहेत." दिवा मी एकदाही लावलेला नाही. तेल गवतावर ओतते, वात खिशात घालते आणि तुम्हाला तिथे काळोखात ठेवून उबेत परत येते. हे सगळं तुमच्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचणार होते. नाही वाचणार. शेडमध्ये शिरताना मी अजूनही आधी दार वाजवते, बाबा.