गोठ्यातली थाळी

निपाणी,
ता. १२ फेब्रुवारी १९४१

चि. अक्काताई हिस आप्पाचा आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, पोरी. नऊ वर्षांना उशीर म्हणायचीही लाज वाटते. आश्रमाचा पत्ता तुझ्या अंबुबाई मावशीने दिला. इकडे तंबाखू बरी आहे. तुझ्या भावाला, भूपालला, दोन मुली झाल्या. तुझी आई गेली, ते मावशीने कळवले असेलच.

मागच्या महिन्यात चुलीवरचे भांडे उतरवताना माझे बोट भाजले. कातडी सोलली तरी मला कळले नाही. भूपालने डॉक्टरकडे नेले. त्याने माझ्या कानाची पाळी चिरून ओल काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शक दुर्बिणीत बघायला लावले. आत लाल काड्यांच्या जुड्याच जुड्या.

"आजोबा, ह्या काड्या म्हंजे महारोगाचे जंतू, आन् भोवतीच्या फुगलेल्या पेशी म्हंजे अंगाचे राखणदार. रोगाचे जंतू गिळत्यात, पण मारत न्हाईत. पोटात ठेवून पोसत्यात."

मी भीत भीत विचारले, "आणि एखादीच्या पाठीवर एकच चट्टा असला तर? कडा उठलेली, मधी सुई टोचली तरी कळत न्हाय असा?"

"तितं राखणदार लढत असत्यात. जंतू हुडकून गावत न्हाईत. तसल्या माणसापासनं दुसऱ्याला सहसा भ्या न्हाय. कुणाला हाय?"

"वळखीत हाय एकीला," मी म्हणालो.

ओळखीत! अक्काताई, तुला आश्रमाच्या फाटकाशी उतरवून मी गाडी धुऊन घेतली होती. घरी येऊन तू जिवंत असताना तुझ्या नावाने आंघोळ केली. तुझी जर्मनची थाळी गोठ्यात टाकली.

माझ्या अंगावर डाग नव्हता. म्हातारपणीही चेहरा तुकतुकीत म्हणून लोक कौतुक करायचे. डॉक्टर म्हणतो, तो तुकतुकीतपणाच रोग होता, पुष्कळ वर्षांचा. लहानपणी तू माझ्याच घोंगड्यात निजायचीस. पुढचे मला लिहवत नाही.

आता त्या थाळीत मी जेवतो. नातींना जवळ घेत नाही. धाकटी रडते, "आज्जा रुसला."

भूपाल नको म्हणतो, पण मी घर सोडणार आहे. तुझ्या आश्रमात पुरुषांनाही घेतात म्हणे. येत्या अष्टमीनंतर गाडी निघेल. तू नको म्हणालीस तर दुसरीकडे जाईन, राग धरणार नाही. शिवी लिही, नुसते 'नको' लिही, पण अष्टमीच्या आत लिही. रोज टपालवाल्याची वाट बघतो आहे.

तुला फाटकाशी सोडून मागे न बघितलेला,
आप्पा