आमच्या मलमाची परीक्षा

धायरी,
मंगळवार, सकाळचे दहा

प्रिय सुखदेव यास,
हिंमतरावाचा रामराम.

शनिवार पेठेतला तुमचा जिना तुझे गुडघे अजून चढतात ना, आणि आनंदीवहिनींचा हात कसा आहे? (गुडघ्यांचं उत्तर सवडीनं दे.) चकल्यांच्या कढईतलं तेल वहिनींच्या हातावर सांडलं त्याला आज आठ दिवस झाले. तू डॉक्टरकडे न जाता माझं मलम लावलंस. माझी नात तनुजा हिनं फोनवर दवाखान्याचं नाव काढलं, तर तिला म्हणालास, "तुझ्या आजोबांनी निम्मी धायरी बरी केलीय, तू कालची पोर." ऐकून माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. त्या छातीचं पुढं काय झालं ते आता ऐक.

तनुजा नोकरीत नेमकं काय करते हे मला चार वर्षं उमगलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, "आजोबा, मी कातडी भाजते." (स्थळं आली की आम्ही 'संशोधनात आहे' एवढ्यावर भागवायचो.) तर गेल्या गुरुवारी आमची जुंपली. ती म्हणे, चुन्याची निवळी आणि खोबरेल भाजल्यावर लावू नये, त्यातून तुम्ही चुना दुप्पट घालता. मी म्हणालो, मग तुझ्या कातडीवर लावून दाखव. पोरगी माझ्याच वळणावर गेलेली, दुसऱ्या दिवशी मला घेऊनच गेली.

प्रयोगशाळेच्या दारात मी सवयीनं चपला काढल्या, तर मला टोपी, झगा, हातमोजे असा मुंडावळ्यांशिवायचा नवरदेव करून आत घेतलं. माझी मलमाची बरणी तिथल्या शर्मिला मॅडमनी दोन बोटांत धरली, जशी आपण पाल मारून बाहेर नेतो. मग तनुजानं ताटली उघडली. गुलाबी पाण्यात नखाएवढे सहा तुकडे. कुणा बाईच्या पोटाच्या ऑपरेशनात निघालेली कातडी, तिनं सही करून दिलेली, आणि अजून जिवंत. मी हात जोडले. (ओळख ना पाळख, त्या माउलीपुढं आणखी काय करणार?) तनुजानं तापलेली पितळी कांडी एकेका तुकड्यावर टेकवली. आवाज काही आला नाही. वास आला, आणि तो वास मी चाळीस वर्षं लोकांच्या अंगाला घेत आलोय. तीन तुकडे तिनं नुसते पाण्यानं धुतले, उरलेल्या तीन तुकड्यांवर मी मलम लावलं. लावताना नेहमीसारखी फुंकर घालायला वाकलो, तर मॅडम म्हणाल्या, "काका, तोंड बंद." माझ्या वैद्यकीत असं मला आजवर कुणी बोललं नव्हतं.

आज सकाळी निकाल लागला. त्यात रंग घालतात. जिवंत असेल ते जांभळं होतं, मेलेलं पांढरं राहतं. धुतलेल्या तुकड्यांत मधोमध पांढरा ठिपका, भोवती सगळं जांभळं. माझे तिन्ही कडेपर्यंत पांढरे. म्हणजे कांडीनं जे सोडलं होतं ते मी मारलं. मी म्हणालो, रंग संपला असेल. तिनं रंगाची भरलेली बाटली माझ्यापुढं ठेवली. (माझंच मलम लावलेल्या गेनबाचा पाय भाजल्यापासून आखडलाय, तो मी आजवर त्याच्या नशिबाच्या खात्यावर टाकला होता.)

तरी सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. मी म्हणालो, पण ठणका तर थांबतो ना? आनंदीवहिनींचा तिसऱ्याच दिवशी थांबला. जखम पांढरी, कोरडी, चामड्यासारखी झालीय असं तू सांगितलंस, तेव्हा 'खपली धरतेय' म्हणून मी तुला शाबासकी दिली होती, तीही तिला सांगितली. पोरीचा चेहराच उतरला. म्हणाली, "आजोबा, खोल भाजलं की दुखत नाही. दुखायचं जे असतं तेच जळून जातं."

ती खपली नव्हे, सुखदेव. ती मेलेली कातडी आहे. ती काढून दुसरीकडची लावावी लागेल. उशीर झाला तर बोटं आखडतील, आणि आत पू झाला तर नुसत्या हातावर निभावेल असं ती म्हणत नाही. तुम्हा दोघांच्या भरवशाचं मी हे केलं. वहिनींनी मला काय म्हणायचं ते म्हणावं, मी ऐकून घेईन.

तुझा,
हिंमत

ता. क. हे पत्र देऊन तुझ्यासमोर उभी आहे ती तनुजाच. खाली गाडी चालू ठेवलीय. तोंडी काही बोलू नकोस असं मीच तिला बजावलं, कारण माझ्या शब्दावर तू बसलास, तो माझ्याच अक्षरात मागं घेतल्याशिवाय तू उठणार नाहीस.

आणखी ता. क. हा ता. क. सर्वांत वर लिहायला हवा होता, हे तनुजानं आत्ता दाखवून दिलं. पुन्हा लिहीत बसलो तर आणखी तास जाईल. चहा टाकू नकोस. दवाखान्यात मी आधी पोचून चिठ्ठी काढून ठेवतो. वहिनी म्हणतील, आता काही दुखत नाही, कशाला जायचं. त्यांचं ऐकू नकोस.