अस्तर लावलेली बाही

९ मार्च, रविवार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. सहा फूट उंच झालास तरी माझ्यासाठी बारक्याच, त्याला इलाज नाही. तुझी काठी सुटली, जिना एकटा चढतोस, हे आईकडून कळलं. माझे फोन तू उचलत नाहीस म्हणून हे पत्र. पत्र निदान कट करता येत नाही.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भावजींनी गच्चीत टोमॅटो लावलेत. आलेत एकूण तीन, पण तोरा असा की जणू शेत पिकलंय. दुकानात शाळेच्या गणवेशांचं काम आहे, पाय ठेवायला जागा नाही. अपघाताच्या दिवशी तुझ्याबरोबर विमानात होत्या त्या डॉक्टरीणबाईंच्या बरगड्या आता बऱ्या आहेत. तू विमानाने न्यायचास ती वरच्या गावांची औषधं हल्ली रस्त्याने जातात आणि तीन दिवस लागतात, असं सांगत होत्या.

तू कुठल्याशा ऑफिसात टेबलाशी बसतोस म्हणे, आणि विमानाचा विषय निघाला की उठून जातोस. ‘मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा उरला नाही,’ असं तू आईला म्हणालास. ते ऐकल्यापासून माझं कशात लक्ष नाही. परवा एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

बाह्यांचा विषय निघालाच आहे, तर लिहून टाकते.

धावपट्टीच्या खांबावरची वारा दाखवणारी कापडी नळी, जिला मी पहिल्यापासून बाहीच म्हणते, ती गेल्या वर्षी मी नवी शिवून दिली. जुनी सारखी फाटायची. तिथल्या राखणदारकाकांनी बजावलं होतं, जुन्यासारखंच हलकं कापड घे. मला वाटलं, यांना शिवणातलं काय कळतं. मी तंबूचं जाड कापड घेतलं, आतून अस्तर लावलं, दुहेरी शिवण घातली आणि ‘आता दहा वर्षं बघायला नको’ म्हणून मिरवलं. तूच म्हणालास, ‘ताई, हिला खिसा तेवढा राहिला.’

त्या सकाळी तुला वरून ती बाही लोंबताना दिसली. वारा पडलाय समजून तू उतरलास. समोर डोंगर, पट्टीवर एकाच बाजूने उतरायचं. मागून वारा आहे हे कळलं असतं, तर तू खालच्या मैदानाकडे वळला असतास. वाऱ्याने विमान पुढे रेटलं, पट्टी संपली आणि ते दगडांत घुसलं. चौकशीत तू हेच सांगितलंस. साहेबांनी लिहिलं, वैमानिकाचा वाऱ्याचा अंदाज चुकला. हळूहळू तुलाही ते पटलं.

बारक्या, तू पाहिलंस ते बरोबर पाहिलंस. वारा होता, पण त्याच्याने माझी बाही उचलली गेली नाही.

अपघातानंतर महिन्याभराने काकांनी ती धुवायला आणली. धुऊन वाळल्यावर मी दारात टांगली. शेजारचा पडदा फडफडत होता आणि बाही ढिम्म. मी टेबलफॅन समोर ठेवला. जुनी ठिगळ लावलेली बाही एकवरच आडवी झाली. माझी तीनवर जेमतेम हलली. पुन्हा पुन्हा करून पाहिलं, मग फॅन बंद केला आणि गणवेश शिवायला बसले.

याला चार महिने झाले. ‘डाग जात नाहीत’ असं सांगून बाही परत दिली नाही, काकांनी जुनीच चढवली. तुझा पाय आणि बाईंच्या बरगड्या माझ्या हट्टापायी मोडल्या, हे तोंडातून निघेना. तू मला काय म्हणशील, एवढीच भीती. तू स्वतःला काय म्हणत असशील, हे मनात आलं नाही, त्याची लाज वाटते.

आधी बाईंकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘त्याला कळवलंत का? आधी त्याला कळवा.’ पण नुसतं कळवून तुला पटणार नाही, हे मला ठाऊक. म्हणून शुक्रवारी दोन्ही बाह्या आणि टेबलफॅन घेऊन चौकशीच्या साहेबांकडे गेलो. फॅन भावजींनी वाहिला. साहेब आधी हसले, मग उठून स्वतः बटण फिरवलं, चारदा. माझा जबाब घेतला, खाली सही घेतली. प्रकरण पुन्हा उघडतील, तुलाही बोलावतील.

नवी बाही शिवली आहे, हलकी, बिनअस्तराची. काल चढवली. जराशा झुळुकेनेही उठते. काका म्हणाले, ‘ही फाटणार बघ.’ म्हटलं, फाटू दे, मी दुसरी शिवेन.

सोबत वीतभर लांबीच्या दोन बाह्या पाठवतेय, एक जाड अस्तराची, एक हलकी. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, पंख्यासमोर धर आणि बघ. रागावलास तर तो तुझा हक्क आहे. फोन करून शिव्या दिल्यास तरी चालेल, तेवढाच आवाज ऐकू येईल. पण चौकशीला ये, आणि आलास की माझ्याबरोबर एकदा धावपट्टीवर चल.

तुझे डोळे शाबूत आहेत, असं सहीनिशी लिहून देणारी,
तुझी ताई