काळ्या बंदुकीची काळजी

हॅन्कॉकचं इस्पितळ, मिशिगन
६ सप्टेंबर १९९३

चि. सौ. मार्लिस हिला नेस्टरचे अ. उ. आ.

म्हाताऱ्याला प्रेम आलं म्हणून पत्र लिहिलं, असं समजू नकोस, काम आहे. परसातल्या सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवरून पडून खुबा मोडला हे तुला फोनवर कळलंच आहे. आता त्यात खिळे ठोकलेत आणि दोन आठवडे हलायचं नाही असा हुकूम आहे. आठ दिवस सुटी काढून घर लावून द्यायला येते म्हणालीस, तेव्हा मी नको नको म्हटलं. ते मनावर घेऊ नकोस. ये. किल्ली शेजारच्या एल्वीकडे आहे.

रेनोला मात्र विचारू नकोस. बापाच्या घराचं नाव काढलं की तो काय करतो हे तुला जास्त ठाऊक. तुझ्या सासूच्या, हेल्मीच्या दफनाच्या दिवशी आपण पाच मिनिटं भेटलो, आणि चार वर्षं झाली, तू मला पत्रं लिहितेस. तुझ्या नवऱ्याने हे चालवून घेतलं, हेच पुष्कळ झालं.

घरात चौतीस बंदुका आहेत. महायुद्धातल्या, सैन्यांनी नंतर मोडीत काढून विकलेल्या. रशियन, जर्मन, इंग्रज, जपानी, सगळ्या एका भिंतीवर गुण्यागोविंदाने नांदतात. गोळ्या कुलुपात आहेत, तेव्हा भिऊ नकोस. फडक्याने धूळ झटकलीस तरी पुरे. खिडकीखालची काळी फिनिश बंदूक माझी लाडकी आहे. तिची जरा काळजी घे.

इथली कॉफी म्हणजे भांडी धुतलेलं पाणी. जपून गाडी चालव.

तुझा सासरा,
नेस्टर कांगास


साउथ रेंज
१९ सप्टेंबर १९९३

ती. बाबांना मार्लिसचा शि. सा. न.

हे पत्र टपालात टाकत नाही, साखरेच्या डब्याला टेकवून ठेवते. तुम्ही उद्या घरी याल तेव्हा मी डुलुथला शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत असेन. फ्रीझरमध्ये मांस-बटाटा भरलेल्या बारा पेस्टी आहेत. गाजर घातलंय. तुमच्याकडे गाजर घालणं म्हणजे महापाप, असं एल्वीबाई म्हणाल्या, पण तोवर मी घालून बसले होते.

बाबा, तुमची किटली सहा माणसांची आणि ओट्यावर कप एकच. बाकीचे पाच कपाटात धूळ खात पडले होते. मी ते धुवून खाली मांडले, आणि खरं सांगते, धुताना मला रडू आलं.

आता गंमत ऐका. तुमच्या लाडक्या काळीची मी अशी काळजी घेतली आहे की तुम्ही ओळखणार नाही! चार दिवस तिलाच दिले. दस्त्याच्या लाकडावर काळाकुट्ट चिकट थर होता आणि त्याला डांबराचा वास. आधी सोड्याच्या गरम पाण्याने धुतला, मग पॉलिश कागदाने घासला. दोन ठिकाणी चौकोनात कसलीशी अक्षरं ठोकलेली होती, चांगली खोल गेलेली. मी काही सोडलं नाही. आता बोट फिरवून बघा, तिथे काही होतं असं वाटणारसुद्धा नाही. वर नावेला लावतात त्या व्हार्निशचे तीन हात दिले. तोंड दिसतं त्यात! बाकीच्या तेहतीस पुढच्या खेपेला.

आवडली का ते लगेच कळवा. काठीशिवाय चालायचं नाही. माया आहे, ती अशीच राहू द्या.

तुमची,
मार्लिस


डुलुथ, मिनेसोटा
१७ ऑक्टोबर १९९३

ती. बाबांना शि. सा. न.

दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. फोन वाजून वाजून थांबतो. शेवटी एल्वीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हिंडतोय, फिरतोय, तोंड मात्र उघडत नाही.

परवा जेवताना मी रेनोला सगळं सांगितलं. व्हार्निशचं ऐकल्यावर त्याने काटा खाली ठेवला. चौकोनातल्या अक्षरांचं विचारलं. घासून काढली म्हटल्यावर तोंडावर हात धरून बसला. मला वाटलं हसतोय. मग म्हणाला, आता तुलाही ते पत्र लिहिणार नाहीत.

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला ती गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचा होता. तुम्हाला हलकी पडावी म्हणून त्याने तुमच्या एका बंदुकीचं लाकूड पुढून-मागून कापलं, आणि हरणांच्या शिकारीच्या पहिल्या दिवशी सकाळी लाल फीत बांधून टेबलावर ठेवली. तुम्ही म्हणालात, असला हात मुळातच नसता तर बरं झालं असतं. तो त्याच दिवशी घर सोडून निघाला.

बाबा, मला खरंच कळलं नाही हो. मळ समजले मी. रागवा, शिव्या द्या, पण रेनोशी वागलात तसं माझ्याशी वागू नका.

मार्लिस


साउथ रेंज
२५ ऑक्टोबर १९९३

चि. सौ. मार्लिस हिला अ. उ. आ.

खोटं लिहून तुझी समजूत काढण्यात अर्थ नाही. बंदूक गेली. बासष्ट साली ती न्यूयॉर्कच्या एका गोदामातून टपालाने आली. कुणा फिनिश पोराने थंडीवाऱ्यात लाकूड टिकावं म्हणून डांबर फासलेलं, तेव्हापासून तिला कुणी हात लावलेला नव्हता. ती अक्षरं म्हणजे सैन्याचा शिक्का. तू तिचं तोंडही धुतलंस आणि नावही पुसलंस. आता ती दवाखान्यातल्या खुर्चीसारखी चकाकते.

तुझं पहिलं पत्र मी चुलीत टाकलं आणि मग चिमट्याने बाहेर काढलं. त्यानंतर रोज बसून मनातल्या मनात तुला घाण घाण पत्रं लिहीत होतो. एकाहून एक सरस होती, तुला वाचायला मिळाली नाहीत.

पण तुझी पत्रं मंगळवारी यायची. मी उत्तर दिलं नाही, तीही थांबली. दोन मंगळवार मी कुबडी टेकत टपालपेटीपर्यंत गेलो आणि सामानाच्या दुकानाची जाहिरात घेऊन परत आलो. चौतीस बंदुका आहेत घरात, त्यातली एकही बोलत नाही. मी एकटा आहे, मार्लिस. हे मी आजवर कुणाला लिहिलं नव्हतं.

काळजी घे, असं लिहिणारा मीच. तुम्ही लोक काळजी घेता म्हणजे धुता, घासता, चमकवता. आम्हा बंदूकवाल्यांत काळजी घेणं म्हणजे हात न लावणं. आहे तशी भिंतीवर राहू देणं. माझ्या मुलाच्या बाबतीतही मी तेच केलं. बावीस वर्षं हात लावला नाही. तेव्हा तुझ्यावर रागवायला मला तोंड नाही.

रेनोला सांग, बापाचं चुकलं.

पेस्टी संपल्या. गाजर वाईट नव्हतं, पण एल्वीला सांगू नकोस. मंगळवारची वाट बघतो.

नेस्टर


डुलुथ
१ नोव्हेंबर १९९३

ती. बाबांना शि. सा. न.

तुमचं पत्र आलं आणि मी ओट्यापाशी उभी राहून पोटभर रडले. मग ते रेनोच्या पुढ्यात ठेवलं. त्याने उभ्याउभ्या दोनदा वाचलं, घडी घातली, पाकिटात परत सरकवलं आणि पाकीट उलटसुलट करून बघितलं. म्हणाला, यावर माझं नाव नाही. निरोप नको म्हणाला. त्यांना माझा पत्ता माहीत आहे, तिकीट तेवढंच लागतं, असंही म्हणाला.

पुढचं माझ्या हातात नाही, बाबा. माझं मंगळवारचं पत्र मात्र येत राहील.

तुमची,
मार्लिस


साउथ रेंज
१४ नोव्हेंबर १९९३

चि. रेनो यास

इथे आशीर्वाद लिहायची रीत आहे. तो द्यायचा हक्क मला उरलाय की नाही ठाऊक नाही, म्हणून जागा मोकळी ठेवतो.

त्या दिवशी मी जे बोललो ते नीच होतं. तू माझ्यासाठी काहीतरी केलं होतंस आणि मी फक्त लाकडाकडे बघितलं. त्याची मला लाज वाटते. हे आधीच लिहायला हवं होतं, तुझी आई जिवंत असताना.

तू कापलेली बंदूक मी टाकली नव्हती. भिंतीवरही लावली नाही, मोजण्यातही धरली नाही. सौनाच्या माळ्यावर घोंगडीत गुंडाळून पडली होती. आज एल्वीने कुरकुरत शिडी लावून ती काढून दिली. उद्यापासून शिकार सुरू, लोक लगबगीत आहेत. मी बाकावर बसून ती खांद्याला लावली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

खाणीत खांदा चिरडल्यापासून माझा उजवा हात पुरता पसरत नाही. हे मी डॉक्टरपासून लपवलं, तुझ्या आईला सांगितलं नाही, बरोबरच्या शिकाऱ्यांना कळू दिलं नाही. दुखतंय असं दिसू नये म्हणून कायम ताठ चाललो. आणि तू कापलेला दस्ता माझ्या हाताला बरोबर बसतो. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. अंदाजाने इतकं नेमकं जमत नाही, तेव्हा तू माप घेतलं असणार.

मी दिवसभर आठवतोय आणि मला आठवत नाही. कुणी माझ्याकडे इतकं निरखून बघत होतं, हे मला कळलंच नाही. माप तू कधी घेतलंस, रेनो? तेवढं कळव.

तुझा बाप